हवामान आणि जीवसृष्टी : जगाच्या नकाशावर आपला माळ

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत भूगोलाचे अध्यापन करताना जगातील नैसर्गिक प्रदेशांचा पाठ येतो. विषुववृत्तावरील घनदाट अरण्ये, सहाराचे वाळवंट, आफ्रिकेतील गवताळ मैदाने, टुंड्राचा हिममय प्रदेश यांची नावे व वैशिष्ट्ये विद्यार्थी सहज म्हणून दाखवितात. परंतु “आपले गाव यांपैकी कोणत्या प्रदेशात मोडते?” असा प्रश्न केल्यास वर्ग बहुधा निरुत्तर होतो. क्वचित एखादा विद्यार्थी “आपल्याकडे नुसता माळ आहे” असे संकोचाने सांगतो. ह्या उत्तरात संकोच वाटण्याजोगे काही नाही, हे शिक्षकाने त्यास पटवून द्यावयास हवे. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत जगातील एका मोठ्या नैसर्गिक प्रदेशाची दोन रूपे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात : किनवट-माहूरचे पानगळीचे रान आणि बालाघाटाच्या पठारावरील गवताळ माळ. ती तशी का आहेत, हे विद्यार्थ्यास उमगले म्हणजे जगाचा संपूर्ण पाठ त्यास घोकंपट्टीवाचून समजू शकतो. त्या दृष्टीने शिक्षकांस उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

१. जीवसंहती म्हणजे काय?

विस्तीर्ण भूभागावर सारखे हवामान असले म्हणजे तेथे सारख्या ठेवणीच्या वनस्पती वाढतात व त्यांच्या आश्रयाने विशिष्ट प्रकारचे प्राणी राहतात. अशा सर्व सजीवांच्या समुदायास शास्त्रीय परिभाषेत ‘जीवसंहती’ असे म्हणतात. ‘बायोम’ ह्या शब्दाचा अर्थ हाच. शालेय पुस्तकांत ‘नैसर्गिक प्रदेश’ हा शब्द साधारणतः ह्याच अर्थी येतो.

येथे ‘सारख्या ठेवणीच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोन दूरच्या खंडांवरील वनस्पती एकाच कुळातील असतीलच असे नाही. परंतु हवामान सारखे असेल तर त्यांची शरीररचना सारखी होते. ह्याचे उदाहरण गावाच्या कुंपणावरच सापडते. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिका खंडातील, तर त्रिधारी निवडुंग आपल्या बाजूच्या जगातला. ह्या दोहोंचे कूळ भिन्न आहे. फड्या निवडुंग कापल्यास पाण्यासारखा रस येतो, त्रिधारीतून दुधासारखा पांढरा चीक येतो. तरीही दोहोंनी पाने टाकली, खोड मांसल व हिरवे केले आणि अंगावर काटे वागविले. दोघांचे नाते रक्ताचे नसून संकटाचे आहे. आणि ते संकट म्हणजे पाण्याची टंचाई. (त्रिधारीचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.)

वनस्पतींवरून हवामान ओळखता येते, हे तत्त्व व्लादिमीर क्योपेन ह्या शास्त्रज्ञाने हवामानाचे वर्गीकरण करताना आधारास घेतले. रशियात जन्मलेल्या व जर्मनीत काम केलेल्या ह्या विद्वानाने १९०० च्या सुमारास मांडलेली पद्धती पुढे सुधारत गेली आणि ती आजही जगभर वापरात आहे. ज्या काळी दूरदूरच्या प्रदेशांत तापमापक व पर्जन्यमापक नव्हते, त्या काळी तेथील झाडेच हवामानाची नोंदवही होती.

२. तीन प्रश्न

कोणत्याही ठिकाणची जीवसृष्टी समजून घेण्यासाठी विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. येथे उष्णता किती? पाऊस किती? आणि वर्षातील किती महिने कोरडे जातात?

पहिले दोन प्रश्न पुस्तकात असतातच. तिसरा मात्र पुष्कळदा राहून जातो. लंडन शहरी वर्षाकाठी सुमारे ६०० मिलीमीटर पाऊस पडतो. लातूरची वार्षिक सरासरी सुमारे ८०० मिलीमीटर आहे. म्हणजे लातूरला लंडनपेक्षा अधिक पाऊस पडतो! असे असूनही लंडनच्या बागा बारमाही हिरव्या आणि लातूरचा माळ मार्गशीर्षापासून पिवळा, असे का? कारण लंडनचा पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा विभागलेला असतो व थंडीमुळे ओल उडून जात नाही. लातूरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत आभाळ कोरडे आणि मार्च ते मे ह्या काळात ऊन प्रखर. झाडाच्या दृष्टीने पाहता वर्षाची बेरीज गौण. दोन पावसांमधील अंतर हाच खरा प्रश्न होय.

पानांच्या पृष्ठावर अतिशय सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून झाड हवा आत घेते व त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांकडून पाणी येत असेपर्यंत हा व्यवहार चालतो. पाणी येणे थांबले की झाडापुढे तीनच मार्ग उरतात : पाने गाळून टाकणे, पाने लहान व चिवट ठेवणे, अथवा जमिनीवरचा देह वाळू देऊन मुळांत जीव धरून राहणे. साग पहिला मार्ग पत्करतो, बाभूळ दुसरा, आणि माळावरचे गवत तिसरा.

३. पाऊस कोठे पडतो व कोठे पडत नाही

विषुववृत्तावर सूर्याचे किरण वर्षभर सरळ पडतात. तेथील तप्त व दमट हवा वर चढते, थंड होते व जवळजवळ दररोज पाऊस देते. वर गेलेली हवा उत्तरेस व दक्षिणेस सरकून सुमारे ३० अंश अक्षवृत्तांच्या आसपास पुन्हा खाली उतरते. उतरणारी हवा तापते व कोरडी होते. तेथे ढग टिकत नाहीत. सहारा, अरबस्तान, दक्षिण आफ्रिकेतील कलाहारी व ऑस्ट्रेलियातील वाळवंटे ह्याच पट्ट्यांत वा त्यांच्या लगत आहेत.

येथे एक तुलना नकाशावर करून दाखवावी. लातूर साधारणतः १८ अंश २४ मिनिटे उत्तर अक्षवृत्तावर आहे. त्याच अक्षवृत्ताच्या रेषेवरून बोट पश्चिमेकडे नेले म्हणजे अरबस्तान व आफ्रिका ओलांडून ते अटलांटिक किनाऱ्यावरील नुआकशॉट ह्या मॉरिटानिया देशाच्या राजधानीजवळ येते. सूर्य दोन्ही ठिकाणी सारखाच तळपतो. नुआकशॉट तर समुद्राच्या काठी आहे, लातूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही नुआकशॉटला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो व सभोवार वाळू आहे. कारण तेथे वारे बहुधा सहाराच्या बाजूने कोरडेच येतात. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी तापून हिंदी महासागरावरील बाष्पयुक्त वारे आत ओढले जातात. हाच मोसमी पाऊस. मोसमी वारे नसते तर ह्या अक्षवृत्तावरील आपला मुलूखही बहुधा वाळवंटच राहिला असता, हे विद्यार्थ्यांस सांगावे. आषाढातील ढगांकडे ते मग निराळ्या नजरेने पाहतील.

४. जगातील प्रमुख जीवसंहती

विषुववृत्तीय वर्षावने : ॲमेझॉन व काँगो नद्यांची खोरी आणि इंडोनेशियाची बेटे येथे उष्णता व पाऊस दोन्ही बारमाही आहेत. कोरडा काळ नाही, म्हणून पाने गाळण्याचे कारण नाही. झाडांची चढाओढ पाण्यासाठी नसून प्रकाशासाठी असते. ती उंचच उंच वाढतात, आणि प्राणीही बव्हंशी फांद्यांवर राहणारे. येथील जमीन अतिशय सुपीक असेल अशी कल्पना होते. परंतु संततधारेने क्षार धुऊन जात असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ती निकस असते. सारे पोषण उभ्या झाडांत व कुजणाऱ्या पाल्यात साठलेले असते. रान तोडले की थोड्याच वर्षांत शेतीही हरते.

पानगळीची मोसमी वने : जेथे पाऊस बऱ्यापैकी पण ठरावीक महिन्यांत पडतो तेथे ही वने आढळतात. भारत, म्यानमार, थायलंड ही सागाची मायभूमी ह्यातच येते.

उष्ण गवताळ प्रदेश किंवा सॅव्हाना : गवताचा सलग थर व त्यात विखुरलेली काटेरी झाडे. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे रानगुरांचे लक्षावधी प्राण्यांचे कळप पावसाच्या मागोमाग फिरतात.

उष्ण वाळवंटे : साधारणतः २५० मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस. वनस्पती विरळ, प्राणी बहुधा निशाचर.

भूमध्य सागरी प्रदेश : येथे हिवाळ्यात पाऊस व उन्हाळा कोरडा, म्हणजे आपल्या उलट. चिवट पानांची ऑलिव्हसारखी झाडे येथे वाढतात.

समशीतोष्ण पानगळीची वने व गवताळ मैदाने : पश्चिम युरोपातील ओक वृक्षही पाने गाळतो, पण तो थंडीच्या भयाने, आपला साग गाळतो तो कोरडेपणाच्या भयाने. कृती एकच, शत्रू निराळे. खंडांच्या अंतर्भागात पाऊस कमी झाला की वन संपून गवत सुरू होते. रशिया-युक्रेनचे स्टेप, उत्तर अमेरिकेचे प्रेअरी व अर्जेंटिनाचे पंपास ही जगाची धान्यकोठारे अशा गवताळ भूमीवरच उभी आहेत.

तैगा व टुंड्रा : उत्तरेस सूचिपर्णी वृक्षांची तैगा वने, त्याहून पलीकडे टुंड्रा. टुंड्रात जमिनीखालचा थर कायम गोठलेला असल्यामुळे वृक्षांची मुळे खोल जाऊ शकत नाहीत. शेवाळ, दगडफूल व खुरटी झुडपे एवढेच तेथे तग धरतात.

उंचीचा परिणामही येथेच सांगावा. दर हजार मीटर उंचीस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हा पायथ्यापासून वर जाताना वनस्पतींचे पट्टे क्रमाने बदलताना त्यास दिसले. जणू विषुववृत्तापासून ध्रुवाकडे प्रवास चालला होता. आपल्याकडे एवढा मोठा पर्वत नाही. तथापि गणिताचा एक सोपा प्रश्न करता येतो. नांदेड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर, लातूर सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. फरक २७० मीटरांचा. त्या हिशेबाने लातूर नांदेडपेक्षा सुमारे पावणेदोन अंशांनी थंड असावयास हवे. वैशाखातील तापमान वर्तमानपत्रातून काही दिवस उतरवून घेऊन विद्यार्थ्यांनी हा ताळा पाहावा.

५. सह्याद्रीपासून माहूरपर्यंत

जीवसंहती कशा बदलतात हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील एकच प्रवास पुरेसा आहे. मोसमी वारे कोकणातून येऊन सह्याद्रीवर आदळतात व तेथे आपले बहुतेक पाणी सांडतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५५०० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथे अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित वृक्षांचे दाट रान आहे. त्याच्याच पूर्व पायथ्याशी, तीसेक किलोमीटरांवर असलेल्या वाईस हा आकडा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. पर्वत ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे होतात. हा ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. पुढे सोलापूर व अहिल्यानगरच्या पूर्व-दक्षिण भागात पाऊस ५०० ते ६०० मिलीमीटरांच्या आसपास राहतो. हा बाभूळ, हिवर, बोर व गवत यांचा मुलूख.

तेथून आणखी पूर्वेस सरकले की पाऊस पुन्हा हळूहळू वाढू लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्यांचा व वादळांचा लाभ पूर्व महाराष्ट्रास होतो. लातूरला सुमारे ८००, नांदेडला सुमारे ९०० आणि किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात सुमारे हजार मिलीमीटर असा हा चढता क्रम आहे. चढ मोठा नाही. परंतु त्याचा परिणाम डोळ्यांस स्पष्ट दिसतो. औसा, निलंगा वा अहमदपूरच्या पठारावरून निघालेला प्रवासी गोदावरी ओलांडून किनवटकडे गेला म्हणजे बाभूळ व हिवर मागे पडतात आणि साग, धावडा, ऐन, सालई, तेंदू, मोह, चारोळी ही झाडे सुरू होतात. पैनगंगेच्या काठचे अभयारण्य ह्याच वनाचा भाग आहे. एच. जी. चॅम्पियन व एस. के. सेठ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात भारतातील वनांचे १६ प्रमुख गट मानले आहेत. त्यांपैकी ‘उष्ण कटिबंधीय शुष्क पानगळीची वने’ हा गट किनवटकडे आणि ‘उष्ण कटिबंधीय काटेरी वने’ हा गट पश्चिमेकडील कोरड्या भागात येतो.

पावसाच्या जोडीला जमिनीचाही विचार करावा. ह्या भागाचा बहुतांश पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. नद्यांच्या खोऱ्यांत त्याची खोल काळी माती झाली. ती पाणी धरून ठेवते. पठाराच्या माथ्यावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम लागतो. देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण संपून त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट वर आलेला दिसतो. तेथील गोलसर धोंड्यांच्या टेकड्या विद्यार्थ्यांस परिचित असतात. एकाच गावात, एकाच पावसात, मळईच्या काठी आंबा व चिंच डोलते आणि माथ्यावर कुसळी गवताखेरीज काही टिकत नाही, ते ह्या मातीमुळे.

किनवटच्या रानाचे वर्ष पाहण्यासारखे आहे. पौष-माघात साग पाने गाळू लागतो. फाल्गुनात पळस निष्पर्ण अवस्थेत फुलतो. पाने नसल्यामुळे केशरी फुले दुरून दिसतात व पक्ष्यांस बोलावतात. चैत्रात मोहाची फुले पहाटे जमिनीवर पडतात, वैशाखात तेंदूची पाने तोडणीस येतात. गोंड, कोलाम व आंध समाजातील कुटुंबांच्या वर्षाचे गणित ह्या क्रमावर बसलेले आहे. कोरडा काळ हा रानाच्या मरणाचा काळ नव्हे. रानाच्या कारभाराचे ते एक पर्व होय.

६. माळ म्हणजे ‘पडीक’ नव्हे

आता बालाघाटच्या माळाकडे वळू. राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. ह्यावरून ‘येथे पूर्वी घनदाट जंगल होते, ते तोडले गेले व उजाड माळ उरला’ असा समज सर्वत्र रूढ आहे. काही ओढ्याकाठी व डोंगरउतारांवर झाडतोड झाली, हे खरेच. परंतु कमी पाऊस व उथळ माती असलेल्या पठारांवर विरळ झाडांचा गवताळ माळ हीच मूळची जीवसंहती आहे, असे आता अभ्यासक साधार मांडू लागले आहेत. पश्चिम महाराष्ट्राविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी कथा, चरित्रे व लोकगीते यांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा करण्यात आले. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या उल्लेखांतही हिवर, बाभूळ अशा उघड्या माळावरच्याच झाडांचे प्राबल्य दिसून आले. इतिहास व वाङ्मय हे विज्ञानाच्या कामी कसे येतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

माळावरील गवतांची नावे विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावीत : मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी. पवन्या-मारवेल भरपूर असेल तर माळ निरोगी. नुसती कुसळी माजली असेल तर चराई फार झाली असे समजावे. ह्या बहुवर्षायू गवतांचा जीव मुळांच्या जुडग्यात असतो. वैशाखात वरचा भाग वाळून कोळ झाला तरी मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात तो हिरवा होतो. ही मुळे वीतभर मातीस घट्ट धरून ठेवतात व पाणी मुरवितात.

प्राणीही ह्या उघडेपणास अनुरूप असेच घडले आहेत. काळवीट दाट रानात राहत नाही. धोका दुरून दिसावा व सुसाट पळता यावे एवढी मोकळीक त्यास लागते. टिटवी उघड्या जमिनीवर खडकाळ जागी अंडी घालते. अंड्यांचा रंग खड्यांत मिसळून जातो. चंडोल गवताच्या बुंध्याशी घरटे करतो. लांडगा, कोल्हा, खोकड हे माळाचेच रहिवासी. माळढोक ह्या मोठ्या पक्ष्यासाठी सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. परंतु आज महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे. माळ नांगरले गेले, वसाहतींखाली गेले व ‘पडीक’ समजून त्यांवर दाट लागवड झाली, ही माळावरील जीवांच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे होत.

येथे शिक्षकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. वृक्षारोपण सप्ताहात शाळेस जागा हवी असते व गावकरी गायरानाकडे बोट दाखवितात. वृक्षारोपण हे सत्कार्यच आहे. परंतु ते कोठे करावे व कोणत्या झाडांचे, हा विचार हवा. शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ, विहिरीचा परिसर येथे कडुनिंब, चिंच, करंज, वड अवश्य लावावेत. ज्या माळावर गवत चांगले आहे तेथे मात्र खड्डे खोदून गिरिपुष्प वा निलगिरी दाट लावणे म्हणजे एक जिवंत जीवसंहती मोडून दुसरी उसनी आणणे होय. अशा माळास काही काळ चराईपासून विसावा देणे व गवत कापून नेण्याची पद्धत ठेवणे, हीच त्याची खरी जोपासना.

७. पशू, पिके आणि पाणी

मनुष्याचे जीवनही जीवसंहतीच्या चौकटीतच वाढते. कंधारची लाल कंधारी गुरे, देवणीची देवणी गुरे व उस्मानाबादी शेळी ह्या नामांकित जाती ह्याच भूमीने दिल्या. ऊन सोसणे, वाळल्या चाऱ्यावर तग धरणे व दूर चालणे हे त्यांचे गुण माळाने घडविले. धनगरांचे कळप पावसाच्या धोरणाने गावोगाव हिंडतात, ते सेरेंगेटीतील कळपांच्या भ्रमणाशी ताडून पाहण्याजोगे आहे.

ज्वारी ही मुळात आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील वनस्पती. ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली व रुजली, कारण तिला येथे ओळखीचे हवामान मिळाले. काळ्या मातीतील मुरलेल्या ओलीवर ती रब्बीत उभी राहते. ऊस हाही गवताच्याच कुळातील. परंतु तो बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. म्हणजे आठ कोरडे महिने त्यास विहिरीचे, विंधनविहिरीचे वा कालव्याचे पाणी पुरविणे भाग पडते. पाऊस सरासरीइतका झाला तर हे निभते. परंतु सरासरी हा केवळ हिशेब आहे. ह्या भागात एका वर्षी पूर व दुसऱ्या वर्षी अवर्षण असे चालते. २०१५ साली पाऊस सरासरीच्या फार खाली राहिला, मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आणावी लागली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले.

हे उदाहरण गणिताच्या तासास घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल तर ८०० मिलीमीटरांच्या वर्षात त्यावर ८०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे अशा सहा-सात छपरांवर एका आगगाडीइतके पाणी पडते. कोरड्या काळासाठी साठवण करणे ही युक्ती झाडे व गवते कधीपासून जाणतात. निवडुंग खोडात साठवितो, गवत मुळांत साठविते. गावाने ती टाक्यांत, तळ्यांत व जमिनीच्या पोटात साठवावी.

८. शाळेत करावयाचे काम

(अ) सरळ बाजूंच्या डब्यात पट्टी उभी करून पर्जन्यमापक तयार करावा व जून ते ऑक्टोबर रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद घ्यावी. महसूल मंडळाच्या नोंदीशी ती ताडून पाहावी.

(आ) बारा महिन्यांच्या पावसाचा स्तंभालेख भिंतीवर काढावा. कोरडे महिने निराळ्या रंगाने दाखवावेत. शेजारी लंडनचा आलेख काढल्यास फरक आपोआप कळतो.

(इ) एखाद्या झाडाच्या पानांच्या डहाळीस पारदर्शक पिशवी बांधून दोन तासांनी आत साठलेले थेंब पाहावेत. केळ व बाभूळ यांवर एकाच वेळी हा प्रयोग केल्यास पानांच्या आकाराचे महत्त्व ध्यानी येते.

(ई) माळावर एक मीटर लांबीरुंदीचा चौकोन आखून त्यातील वनस्पतींचे प्रकार मोजावेत. एक चौकोन चराई होणाऱ्या जागी, एक चराई नसलेल्या जागी. हे काम श्रावणात व पुन्हा माघात करावे.

(उ) पळस केव्हा फुलला, लिंबास पालवी केव्हा फुटली, पहिला वळीव केव्हा आला, ह्याची निसर्गनोंदवही शाळेत कायम ठेवावी. दहा वर्षांनी हीच वही हवामान कसे पालटत आहे ते दाखवील.

(ऊ) लातूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेने किनवट तालुक्यातील शाळेशी पत्रव्यवहार ठेवावा. इकडून गवताच्या ओंब्या व हिवराची शेंग, तिकडून सागाचे पान व मोहाचे बी पाठवावे. दोन जीवसंहतींचा पाठ एका लखोट्यात घरी येईल.

ह्या कामांस खर्च फारसा नाही. नियमितपणा मात्र हवा. वर्षअखेर परीक्षेत “आपला गाव कोणत्या नैसर्गिक प्रदेशात आहे ते सकारण लिहा” हा प्रश्न अवश्य घालावा. ज्या विद्यार्थ्यास त्याचे उत्तर स्वतःच्या नोंदीवरून लिहिता येईल, त्यास सहारा व टुंड्रा निराळे शिकवावे लागणार नाहीत. आणि उद्या ग्रामसभेत गायरानाचा प्रश्न निघाला, तर त्यास माळाच्या बाजूने चार शब्द सांगता येतील.